सलाईनमधून उतरलेली भीती

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्याची जमीन हलली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. औंढा, वसमत, कळमनुरी भागात माणसं लेकराबाळांना घेऊन घराबाहेर पळाली. जुलैच्या १० तारखेला पुन्हा तेच झालं. वसमत तालुक्यातल्या पांग्रा शिंदे आणि आसपासच्या गावांत तर त्याआधी काही वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येत होते. त्या सकाळी काय झालं, हे तिथल्या कोणालाही विचारा. छाती धडधडत होती, घशाला कोरड पडली होती, पाय लटपटत होते, आणि डोक्यात एकच गोष्ट होती, इथून पळायचं. याला कोणी आजार म्हणालं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं, कारण जमीन खरोखरच हलली होती.

याच जिल्ह्यात, आणि खरं तर प्रत्येक जिल्ह्यात, अशी माणसं आहेत की ज्यांच्या पायाखालची जमीन जागची हलत नाही आणि तरीही त्यांच्या शरीरात हे सगळं जसंच्या तसं घडतं. कधी आठवडी बाजारात, कधी एसटीत, तर कधी गाढ झोपेतून उठून. ‘जीव घाबरा व्हायलाय, आता काही मी वाचत नाही,’ असं म्हणत माणूस छाती धरून बसतो. घरचे त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेतात. कार्डिओग्राम निघतो आणि तो नॉर्मल असतो. दहा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या वेळी नांदेडला नेतात, तिसऱ्या वेळी देवाचा अंगारा लावतात, आणि चौथ्या वेळी घरातलंच कोणीतरी म्हणतं, ही नाटकं आहेत.

ती नाटकं नाहीत, हे वैद्यकाला कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ते कळलं, तेही विलक्षण मार्गानं. झटका येण्याची वाट पाहणं सोडून डॉक्टरांनी तो स्वतःच्या हातानं, सुई टोचून आणि वायू हुंगायला देऊन आणायला सुरुवात केली.

सुरुवात सैनिकांपासून झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा या डॉक्टरानं तीनशेहून अधिक सैनिक तपासले. त्यांची छाती धडधडायची, दम लागायचा, पण हृदयात दोष सापडत नव्हता. १८७१ साली त्यानं हे निरीक्षण छापलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असेच हजारो सैनिक आघाडीवरून परत आले. थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाकडे त्यांची जबाबदारी होती. त्याचा सहकारी ॲलन ड्र्युरी यानं त्यांच्या श्वासाची हवा तपासली. श्वासात कार्बन डायऑक्साइड साठत गेला, तर ही माणसं निरोगी माणसांपेक्षा फार लवकर कासावीस होतात, असं त्याला दिसलं. ही नोंद पुढं बरीच वर्षं जवळपास विस्मरणात गेली. ती लक्षात राहिली असती तर कितीतरी लोकांवरचा ‘भित्रा’ हा शिक्का टळला असता.

त्याच सुमारास माद्रिदमध्ये ग्रेगोरियो मारान्योन निराळ्याच प्रश्नाच्या मागं होता. भीती वाटते म्हणून छाती धडधडते, की छाती धडधडते म्हणून भीती वाटते? त्यानं २१० जणांना ॲड्रेनलिन टोचलं आणि १९२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांची छाती धडधडली, हात कापले, पण त्यांना भीती वाटली नाही. काही जण म्हणाले, भीती वाटावी तसं होतंय, पण भीती मात्र नाही. म्हणजे नुसती धडधड पुरत नाही, तिच्यासोबत आणखी काहीतरी लागतं. ते काय, हा प्रश्न पुढच्या सगळ्या प्रयोगांना चिकटून राहिला.

१९४० च्या दशकात बॉस्टनमध्ये मँडेल कोहेन आणि पॉल डडली व्हाइट यांनी सैनिकांच्या त्या धडधडीचा धागा पुन्हा हातात घेतला. व्हाइट म्हणजे पुढं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे हृदयतज्ज्ञ. घाबरटपणाचा त्रास असलेल्या माणसांना व्यायाम करायला लावला, की त्यांच्या रक्तात लॅक्टेट निरोगी माणसांपेक्षा जास्त चढतं, असं त्यांना आढळलं. लॅक्टेट काही परकं विष नाही. स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागला की ते आपोआप तयार होतं. वसमतच्या शिवारात फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसभर हळद काढणाऱ्या बाईच्या रक्तातही ते वाढतं. तिचा घाम गळतो, दम लागतो, पण ‘मी मरते’ असं तिला वाटत नाही.

मग याच पदार्थानं दुसऱ्या एखाद्याला मरणाची भीती का वाटावी? सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात फेरिस पिट्स या मनोविकारतज्ज्ञानं आणि त्याचा सहकारी जेम्स मॅक्ल्युअर यानं हा प्रश्न थेट तपासायचं ठरवलं. लॅक्टेट जास्त बनतं म्हणून त्रास होत असेल, तर ते बाहेरून दिल्यावर झटका यायला हवा, इतका त्यांचा तर्क सरळ होता.

इथं एक योगायोग सांगायलाच हवा. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत जुलाबाच्या किंवा अपघाताच्या रुग्णाला जी ‘आरएल’ची बाटली लावतात, ती रिंगर लॅक्टेट. त्यात लॅक्टेट घालण्याची कल्पना ॲलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाची. तो याच सेंट लुईस शहरात, याच विद्यापीठात काम करत होता, आणि १९३० च्या दशकात त्याच्या द्रावणानं आजारी लेकरं वाचू लागली. त्या बाटलीत लॅक्टेट लिटरला २८ मिलिमोल असतं. पिट्सनं प्रयोगासाठी जे सोडियम लॅक्टेट घेतलं ते ५०० मिलिमोल तीव्रतेचं, म्हणजे जवळजवळ अठरा पट होतं. त्यामुळे साधी आरएल लावून घ्यायला कोणी घाबरू नये.

प्रयोगात त्रास असलेले १४ जण होते आणि निरोगी १० जण. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारची सलाईन लावायची होती. एकात नुसतं लॅक्टेट, दुसऱ्यात लॅक्टेटसोबत कॅल्शियम, तिसऱ्यात ग्लुकोज आणि मीठ. आज कुठली बाटली टांगली आहे, हे रुग्णाला सांगायचं नाही. माणूस पलंगावर पडलेला, हातात सुई, शेजारी डॉक्टर. थेंब थेंब द्रावण शिरेत उतरतंय. खोलीत भीती वाटावी असं काहीही नाही. आणि मग थोड्या वेळात छाती धडधडू लागते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आपल्याला काहीतरी भयंकर होणार ही खात्री मनाला पकडते. घरी, बाजारात, बसमध्ये जे होत होतं तेच, तसंच. सलाईन थांबवलं की ते ओसरू लागतं.

त्रास असलेल्या १४ पैकी १३ जणांना लॅक्टेटनं झटका आला. निरोगी १० पैकी फक्त दोघांना. ग्लुकोजच्या बाटलीनं असं काही झालं नाही आणि कॅल्शियम मिसळलं की लॅक्टेटचा जोर कमी पडला. १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निबंध छापून आला, आणि मनोविकाराकडं पाहण्याची दृष्टीच हलली. इतके दिवस भीतीचा उगम बालपणात, दडपलेल्या वासनेत, आईवडिलांच्या वागण्यात शोधला जात होता. इथं तर ती एका बाटलीतून येत होती.

पिट्सनं दिलेलं कारण मात्र फार काळ टिकलं नाही. लॅक्टेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून मज्जातंतू बिथरतात, असं तो म्हणत होता. ग्रॉस आणि फार्मर या दोघांनी १९६९ मध्ये त्यावर नेमका आक्षेप घेतला. बऱ्यापैकी व्यायाम केला तरी रक्तात एवढं लॅक्टेट होतं, मग धावणारा प्रत्येक जण का घाबरत नाही? शिवाय शिरेतून दिलेलं लॅक्टेट शरीरात बायकार्बोनेट बनतं आणि रक्त अल्कली होतं. ते धावण्यानं होणाऱ्या बदलाच्या उलट आहे. आक्षेप बरोबर होता. पिट्सचं कारण गेलं, पण प्रयोग उरला. तो पुन्हा पुन्हा केला गेला आणि पुन्हा पुन्हा तसाच निघाला.

न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात एक वेगळीच गोष्ट आधीच घडली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड क्लाइन हा तरुण डॉक्टर इमिप्रमिन हे नवं औषध काही अतिशय घाबरणाऱ्या रुग्णांना देऊन पाहत होता. काही आठवडे गेले. रुग्णांना विचारलं, ते म्हणाले फरक नाही. त्यांच्याशी रोज बोलणारे डॉक्टरही म्हणाले, फरक नाही. वॉर्डातल्या परिचारिका मात्र म्हणाल्या, फरक आहे. हेच रुग्ण दिवसातून कितीतरी वेळा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडं धावत यायचे, आता ते येत नाहीत. रुग्णांची रोजची चिंता तशीच होती, एकटं बाहेर पडायची भीती तशीच होती, फक्त अचानक येणारा झटका थांबला होता. त्यावरून क्लाइननं निष्कर्ष काढला की चिंता आणि झटका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेनं रोगांची नवी यादी काढली, तेव्हा पॅनिक डिसऑर्डरला, म्हणजे या झटक्यांच्या आजाराला, तिच्यात स्वतंत्र जागा मिळाली. तिच्या मुळाशी त्या परिचारिकांची नजर आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना मोकळेपणानं द्यायला हवं.

पुढं क्लाइन आणि मायकेल लीबोविट्झ यांच्या गटानं लॅक्टेटचा प्रयोग मोठ्या संख्येवर केला. १९८४ च्या निबंधात ४३ रुग्णांपैकी ३१ जणांना झटका आला, २० निरोगी माणसांपैकी एकालाही नाही. औषधानं बऱ्या झालेल्या रुग्णांना पुन्हा लॅक्टेट दिलं, तर बहुतेकांना काही होत नव्हतं. हे फार महत्त्वाचं होतं. शरीरातला दोष कायमचा नव्हता, तो शांत करता येत होता. आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. एवढ्या भयंकर भीतीत शरीरातलं कॉर्टिसॉल उसळायला हवं होतं, पण ते फारसं हललं नाही. वाघ समोर आल्यावर वाटणारी भीती आणि हा झटका बाहेरून सारखे दिसले, तरी आतून एकच नव्हते.

आता वायूची गोष्ट. कार्बन डायऑक्साइड हुंगायला देण्याची पद्धत आधी उपचार म्हणून आली. लाडिस्लास मेदुना हा मूळचा हंगेरियन डॉक्टर शिकागोत ३० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ७० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण देऊन मनोविकार बरे करू पाहत होता. १९५० मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. हा उपचार पुढं मागं पडला. मात्र १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहरात एरिक ग्रीझ आणि मार्सेल फान डेन हाउट यांनी ३५ टक्के मिश्रणाचा एकच खोल श्वास रुग्णांना दिला, आणि काही सेकंदांत तीच ओळखीची भीती उसळली. न्यूयॉर्कमध्ये जॅक गोरमन यांनी ५ टक्के वायूच्या हवेत रुग्णांना काही मिनिटं ठेवलं. तोवर सर्वांची समजूत होती की झटका जोरजोरात श्वास घेतल्यानं, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यानं येतो. निघालं उलटंच. नुसता भराभर श्वास घ्यायला लावण्यापेक्षा हा वायू वाढवल्यावर जास्त जणांना झटका आला.

हे वाचताना मला आपल्याकडच्या समाधीच्या परंपरेची आठवण येते. १९५० च्या फेब्रुवारीत मुंबईत रामदासजी नावाचा एक साधू जमिनीखालच्या सिमेंटच्या लहानशा खोलीत हजारो लोकांसमोर स्वतःला बंद करून घेऊन ६२ तास राहिला. प्रसिद्ध हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्याची तपासणी केली आणि ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढं मांडणारे ते हेच वकील. सिमेंट आणि मातीतून थोडीफार हवा झिरपते, म्हणून अशा समाधीचा पुरावा मी जपूनच धरतो. पण १९६१ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी रामानंद योगी यांना खरोखर हवाबंद पेटीत बसवून मोजमाप केलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजनची गरज घटलेली दिसली.

आणि आपल्या लोणावळ्यात तर हे काम घरचंच. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते योग यंत्रांनी तपासायला, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ सुरू केलं. स्वामीजींच्या पश्चात १९६८ मध्ये करंबेळकर, विनेकर आणि भोळे या कैवल्यधामातल्या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून केलेल्या प्रयोगांचा निबंध छापला. बंद खड्ड्यात एक माणूस, आणि त्याच्याच श्वासानं भरत जाणारी हवा. सेंट लुईसचा निबंध नुकताच, १९६७ ला आलेला. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना एकमेकांची खबर असावी असं वाटत नाही, पण एका टोकाला श्वासातला बदल सहन न होणारी माणसं होती आणि दुसऱ्या टोकाला तो शांतपणे सोसणारी. या दोन टोकांमधलं अंतर कशानं पडतं, याचा शोध एकत्र बसून कोणी घेतला असता तर मराठी माणसाचं नाव या इतिहासात ठळक लागलं असतं. ती संधी हुकली, याची मला खंत वाटते.

त्या अंतराबद्दल सर्वांत बोलका प्रयोग १९८९ चा. विल्यम सँडरसन, रोनाल्ड रॅपी आणि डेव्हिड बार्लो यांनी पॅनिकचे २० रुग्ण घेतले. सर्वांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा १५ मिनिटं द्यायची होती. सर्वांना सांगितलं होतं, समोरचा दिवा लागला तर हाताजवळची चकती फिरवून वायू कमी करता येईल, पण शक्यतो फिरवू नका. दहा जणांसमोर दिवा लागला, दहा जणांसमोर लागला नाही. प्रत्यक्षात चकतीनं काहीही होत नव्हतं आणि हवा सर्वांना सारखीच मिळत होती. दिवा न लागलेल्यांपैकी ८० टक्क्यांना झटका आला. दिवा लागलेल्यांपैकी २० टक्क्यांना. लगाम आपल्या हातात आहे, एवढ्या विश्वासानं वायूचा विखार इतका उतरला.

त्यामुळे मानसशास्त्राच्या बाजूचे लोक म्हणू लागले की बघा, सगळा खेळ विचारांचा आहे. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कनं १९८६ मध्येच मांडलं होतं की शरीरातल्या साध्या हालचालीचा माणूस भयंकर अर्थ लावतो आणि त्या अर्थानंच घाबरतो. क्लाइननं १९९३ मध्ये दुसरी बाजू मांडली. मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी एक यंत्रणा आहे, ती या माणसांत फार हळवी असते, आणि हवा पुरेशी असतानाही ती बोंब ठोकते. लॅक्टेट आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही तिलाच डिवचतात. दोन्ही बाजू बरीच वर्षं हमरीतुमरीवर राहिल्या.

२०१३ मध्ये आयोवाच्या संशोधकांनी या भांडणात एक जबरदस्त पुरावा आणला. मेंदूतला भीतीचा भाग, ॲमिग्डला, दोन्हीकडून नष्ट झालेली एक बाई त्यांच्याकडं अनेक वर्षं अभ्यासाला होती. साप, कोळी, भयपट, कशानंच तिला भीती वाटत नव्हती. तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला आणि ती हादरून गेली, जीव मुठीत धरून तोंडावरचा मास्क दूर करू पाहू लागली. असाच दोष असलेल्या आणखी दोन रुग्णांचंही तसंच झालं. म्हणजे गुदमरण्याची भीती शरीराच्या आतून उठते आणि तिला विचारांची वाट पाहावी लागत नाही. पण ती उठल्यावर झटक्याचं रूप घेईल की विरून जाईल, हे मात्र माणसाला काय वाटतं त्यावर बरंच ठरतं. माझ्या मते क्लाइन आणि क्लार्क दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते, आणि रुग्णाला दोन्ही अर्ध्यांची गरज आहे.

यादीत आणखीही रसायनं आहेत. माँट्रियलमध्ये जाक ब्राद्वेन यांनी सीसीके-४ हा प्रथिनाचा चिमुकला तुकडा टोचला, आणि मिनिटभराच्या आत झटका आला. येलमध्ये डेनिस चार्नी यांनी कॅफीन दिलं, शरीराच्या दर किलोला १० मिलिग्रॅम. पॅनिकच्या ७१ टक्के रुग्णांना ते आपल्या झटक्यासारखंच वाटलं. ५५ किलोच्या माणसाला एवढं कॅफीन म्हणजे एका दमात दहा-बारा कप कडक चहा. आपल्याकडं दिवसभरात तेवढा चहा पिणारे कमी नाहीत. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी चहा कमी करून पाहावा.

या प्रयोगांबद्दल नैतिक प्रश्न उरतोच. माणसाला मुद्दाम मरणाच्या भीतीत लोटायचं, हे योग्य का? न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ पासून माणसांवरच्या प्रयोगाला त्याची राजीखुशी संमती आणि कधीही थांबण्याचा हक्क ही अट आली, आणि इथं सलाईन क्षणात थांबवता येत होतं. तरीही दिवा आणि चकतीच्या प्रयोगात रुग्णांना खोटं सांगितलं गेलं, ते मला आजही खटकतं. मी हे प्रयोग मान्य करतो ते एका कारणासाठी. वर्षानुवर्षं ज्यांना झटका यायचा तो घरी किंवा रस्त्यात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ओसरायचा. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, नाडीवर बोट असताना, रक्ताचे नमुने घेत असताना तो सुरू झाला, तेव्हा रुग्णांचं म्हणणं पहिल्यांदा खरं ठरलं.

आणि त्यातून उपचारही निघाला. बार्लो आणि मिशेल क्रॅस्क यांनी रुग्णाला धडधड टाळायला शिकवण्याऐवजी थोडी थोडी मुद्दाम आणायला शिकवलं. जिना चढा, खुर्चीत गरगर फिरा, बारीक नळीतून श्वास घ्या, आणि बघा, छाती धडधडते पण माणूस मरत नाही. प्रयोगशाळेतला झटका छोट्या मात्रेत औषध झाला. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं. आज औषधं इमिप्रमिनपेक्षा सोपी आहेत आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

आता हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतच्या वाचकांना एक विनंती. छातीत पहिल्यांदा दुखलं तर आधी कार्डिओग्राम काढाच, त्यात हयगय नको. तो वारंवार नॉर्मल येत असेल आणि झटके थांबत नसतील, तर घरातल्या त्या माणसाला नाटकी म्हणू नका, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. तेवढं अंतर गाठणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, आणि मराठीत बोलता येतं.